गाण्यांची फाईल

पस्तीस वर्षांच्या केंद्र सरकारी नोकरीत श्यामकांतराव दिघे यांच्या गोपनीय अहवालात एकदाही प्रतिकूल शेरा पडला नव्हता. तो पडला निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, नोएडातल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, सकाळी पोहे खाताना. आणि तो मारला गाण्यांच्या एका ॲपनं.

त्या ॲपची पद्धत अशी, की डिसेंबर आला की ते प्रत्येक श्रोत्याला त्याचा वार्षिक अहवाल पाठवतं. वर्षभर काय ऐकलंत, किती वेळा ऐकलंत, वगैरे. अहवाल म्हटलं की श्यामकांतरावांना मुळातच आदर. त्यांनी बशी बाजूला सारली, चष्मा पुसला, मोबाईल दोन्ही हातांत धरला. पडद्यावर गुलाबी ढोल नाचत आले आणि त्याखाली अक्षरं उमटली, की पंजाबी लग्नाची गाणी ऐकणाऱ्यांमध्ये आपण देशात पहिल्या एक टक्क्यात आहात, अभिनंदन!

श्यामकांतराव म्हणजे नाट्यसंगीत ऐकणारे गृहस्थ. नोएडाच्या मराठी मंडळात कुठल्या पदाचा राग कोणता यावरून वाद झाला, की लोक म्हणायचे, "दिघ्यांना विचारा." आता खरा प्रकार काय होता, तर नोव्हेंबरात शेजारच्या चड्ढाजींच्या मुलीचं लग्न झालं. त्या लग्नासाठी दिघ्यांच्या स्वयंपाकघरातला बोलका स्पीकर चार दिवस पलीकडे गेला होता. भिंतीपलीकडे वायफाय पोचत होतंच. स्पीकरबरोबर श्यामकांतरावांचं खातंही गेलं आणि चार दिवस त्यांच्या नावावर भांगडा झाला.

एवढ्यावर भागलं असतं तर निभावलं असतं. पण अहवालाच्या तळाशी एक बाण होता. बाण म्हणजे पुढचं पान, असं समजून त्यांनी तो दाबला, मग आणखी एक काहीतरी दाबलं, आणि अहवाल थेट मंडळाच्या ग्रुपवर जाऊन पडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाच मिनिटांत सतरा जणांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी 'छुपे रुस्तम' म्हणून गेलं. मंडळाच्या चिटणीस वृंदाताईंनी मात्र अगदी गंभीरपणे विचारलं, की दिघेसाहेब, संक्रांतीच्या कार्यक्रमात तुमच्या भांगड्याची दहा मिनिटं धरू का?

"बाजू मांडायची संधी न देता शेरा!" श्यामकांतराव उठून उभे राहिले. "हे कुठल्या नियमात बसतं?"

"पोहे गार होतायत," त्यांच्या पत्नी उल्काताई म्हणाल्या.

त्यांनी कंपनीला रीतसर अभिवेदन पाठवलं. संदर्भ, विषय, वस्तुस्थिती, विनंती असं सगळं त्यात होतं. सरकारात अशा अर्जाला उत्तर यायला दीड वर्ष लागतं आणि त्या दीड वर्षात अर्जदाराचा राग शांत होतो, ही त्या पद्धतीतली खरी माणुसकी. इथे दोन सेकंदांत उत्तर आलं, 'तुम्हाला तुमचं वर्ष आवडलं हे वाचून आनंद झाला!' पुढे एक नाचणारा फुगा. त्या फुग्यानं घात केला. श्यामकांतरावांनी कंपनी बदलायचं ठरवलं.

आता ठरवलं म्हणजे काय, तर ठरवायचं की नाही हे ठरवण्याची प्रक्रिया सुरू केली. ते नोकरीला लागले तेव्हा देशात टेलिफोन एक, रेडिओ एक, आणि स्कूटरला नंबर लावून माणूस मुलाच्या मुंजीपर्यंत थांबायचा. निवड नव्हती, त्यामुळे चूकही नव्हती. मग उदारीकरण आलं. त्याच्या बऱ्याच फायली श्यामकांतरावांच्याच टेबलावरून पुढे गेल्या होत्या. नोएडाच्या शेतांत सेक्टर उगवले, सेक्टरांत मॉल उगवले, आणि साधी टूथपेस्ट घ्यायची तरी माणसाला तुलनात्मक तक्ता करावा लागेल अशी वेळ आली. तक्ते करणाऱ्याला मात्र सोन्याचे दिवस आले. श्यामकांतरावांनी कपाटातून बदामी फाईल काढली, लाल नाडी शोधली आणि वर लिहिलं, 'विषय: संगीत सेवा बदलण्याबाबत.' पक्षपात नको म्हणून जुन्या कंपनीला 'सेवा-अ' आणि नव्या कंपनीला 'सेवा-ब' अशी नावं दिली.

इथे त्यांच्या कारकिर्दीबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, फार नाही. एक म्हणजे त्यांच्या सहीनं निघालेलं आणि संपूर्ण मंत्रालयानं पाळलेलं एकच परिपत्रक होतं. ते असं, की कागदाच्या बचतीसाठी टिपणी पानाच्या दोन्ही बाजूंनी लिहावी. त्याचा त्यांना आजही अभिमान होता. दुसरी गोष्ट दुखरी. सरकारात हिरव्या शाईनं लिहायचा मान सहसचिवांचा आणि त्यावरच्यांचा. श्यामकांतराव अवर सचिव म्हणून निवृत्त झाले, मध्ये दोन पायऱ्या राहिल्या. आशेच्या एका वर्षी त्यांनी हिरव्या शाईचं पेन घेऊन ठेवलं होतं. ते टोपणासकट अजून ड्रॉवरमध्ये पडून होतं.

पहिला सल्ला न मागताच आला. चड्ढाजी अपराधी वाटून मिठाई घेऊन आले आणि सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "दिघेसाब, आप भी ना! इतनी सी बात पे फाईल? मैं तो कहता हूँ, दोनों रख लो. एक किचन में, एक ड्रॉइंग रूम में."

"चड्ढाजी, ये सिद्धांत का प्रश्न है."

"अच्छा?" चड्ढाजींनी आदरानं मान हलवली. "तो फिर तीनों रख लो."

दोन्ही मुलांकडून त्यांनी पत्रानं अभिप्राय मागवला होता. गुडगावला नोकरी करणारा मुलगा चैतन्य फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही पाठवलेल्या पत्रात 'अभिप्राय' लिहिलंय. म्हणजे फीडबॅक ना? यार, मी मीटिंगमध्ये आहे. जो भी है, कर लो बिल्कुल." पुण्याला राहणाऱ्या मुलीनं, रेवतीनं, अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे मान्य, पाहिलं, की 'बाबा पुरे', याबद्दल नियमावलीत काही नाही.

मग श्यामकांतराव कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये गेले. तिथे दर शुक्रवारी जेवायला येणारा ज्ञानोबा त्यांच्या ओळखीचा होता. मूळचा परभणीकडचा, करोल बागेत खोली करून राहिलेला, प्रशासकीय सेवेच्या परीक्षेचा चौथा प्रयत्न चालू. एवढा अभ्यास केलेला माणूस तटस्थ सल्ला देईल, हा हिशेब होता. ज्ञानोबानं झुणक्याचा घास गिळला आणि विचारलं, "सर, किती शब्दांत सांगू? दीडशे की अडीचशे?"

त्यानं आधी प्रस्तावना केली. मग ऐतिहासिक पार्श्वभूमी आली, रेडिओपासून. मग एकीकडे असं, तर दुसरीकडे तसं. मग त्यानं कागदी रुमालावर एक आकृती काढली. शेवटी 'पुढील दिशा' सांगताना तो म्हणाला, की दोन्ही सेवांमध्ये समतोल साधून सर्वसमावेशक संगीताकडे वाटचाल करावी. श्यामकांतरावांनी तो रुमाल 'जोडपत्र-३' म्हणून फाईलला लावला. वाटचाल नक्की कुठल्या ॲपकडे करायची, ते मात्र जोडपत्रात नव्हतं.

राहिला उल्काताईंचा अभिप्राय. आणि इथेच सगळ्या गोष्टीचं मर्म आहे.

उल्काताईंचे वडील अण्णासाहेब साताऱ्याकडे पोस्टमास्तर होते. रोज सकाळी दाढी करताना ते गाणी गुणगुणायचे. संपूर्ण गाणं कधीच नाही. कुठली तरी मधलीच ओळ, तीही अर्धी, आणि मग वस्तरा गालावरून वळला की दुसरंच गाणं. ते गेले तेव्हा उल्काताई वर्षभर घरात रेडिओसुद्धा लावत नव्हत्या. मग स्पीकर आला आणि एका सकाळी त्यांनी चहाचं आधण ठेवता ठेवता त्याच्यासमोर एक अर्धी ओळ गुणगुणली. त्यानं तीन चुकीची गाणी लावली आणि चौथं बरोबर लावलं. त्या तिथेच ओट्याला टेकून रडल्या. तेव्हापासून सहा वर्षं त्या एकेक ओळ आठवून, गुणगुणून, गाणं हुडकून काढत होत्या. 'उल्का सकाळ' नावाच्या यादीत एकशे त्र्याहत्तर गाणी जमली होती. बऱ्याच गाण्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, गायक तर नव्हतेच. यादीत होती म्हणून ती होती. त्या यादीवर घराची सकाळ व्हायची. श्यामकांतराव पेपर वाचतोय असं दाखवत ती ऐकायचे आणि मग दाढी करताना आपल्या ठरलेल्या एका पदाची एकच ओळ सूर सोडून म्हणायचे.

कागदोपत्री यादी सुरक्षित होती. सेवा-अ च्या कौटुंबिक योजनेत उल्काताईंचं वेगळं खातं होतं. पण सरकारात जशी माणसाची नेमणूक एका खात्यात असते आणि काम तो दुसऱ्याच खात्यात करतो, तसं ते होतं. स्पीकर श्यामकांतरावांच्या खात्यावर चालायचा, म्हणून यादीही त्यांच्याच खात्यात साठत गेली होती. हे श्यामकांतरावांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांनी फाईल फ्रिजवर ठेवली. वर कागद लावला, 'सौ. उल्का यांच्या अभिप्रायार्थ. सात दिवसांत उत्तर न आल्यास सहमती गृहीत धरली जाईल.' सातव्या दिवशी, सोमवारी, उल्काताई भाचीच्या लग्नासाठी पुण्याला निघाल्या. टॅक्सीत बसताना म्हणाल्या, "तुमची फाईल फ्रिजवर ठेवलीये हं. डब्यात मेथीचे लाडू आहेत."

श्यामकांतरावांनी घरी येऊन आधी लाडू खाल्ला आणि मग फाईल उघडली. शेवटच्या टिपणीखाली कोपऱ्यात 'उ. दि.' अशी छोटी सही आणि तारीख होती. म्हणजे पाहिलं, हरकत नाही. हाताखालच्यांच्या अशा हजारो सह्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी खाली 'मान्य' लिहिलं, नाडी बांधली आणि अंमलबजावणीला बसले.

सेवा-अ मध्ये दोन पर्याय होते. एक, सदस्यत्व थांबवा. दोन, खातं कायमचं नष्ट करा. अर्धवट काम त्यांना आवडत नसे. त्यांनी दुसरा दाबला. ॲपनं तीनदा विचारलं, नक्की ना? तिन्ही वेळा ते ठामपणे 'हो' म्हणाले. नोकरीत इतक्या ठामपणे ते एकदा जरी वागले असते, तर त्या दोन पायऱ्या कदाचित चढले असते.

दोन दिवस विजयात गेले. गुरुवारी सकाळी घर फार शांत वाटलं. श्यामकांतरावांनी चहाचं आधण ठेवलं आणि स्पीकरला म्हणाले, "उल्का सकाळ लाव."

"या नावाची यादी सापडली नाही," स्पीकर म्हणाला. "उल्कापाताचे आवाज लावू का?"

चहा उतू गेला. त्यांनी नव्या सेवेत शोधलं, जुन्या सेवेत शिरायचा प्रयत्न केला. जुनी सेवा म्हणाली, या नंबरचं खातं अस्तित्वात नाही, नवं उघडा ना, मजा येईल! कंपनीच्या मदतकक्षात एक यंत्र बसलं होतं. श्यामकांतरावांनी त्याला अण्णासाहेबांपासून सगळं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अर्जात 'कृपा करून' हे शब्द मनापासून लिहिले. यंत्रानं विचारलं, 'आपलं समाधान झालं का? एक ते पाच तारे द्या.'

रविवारी उल्काताई परत येणार होत्या. श्यामकांतरावांनी कागद घेऊन आठवतील ती गाणी लिहायला घेतली. सहा वर्षं रोज ऐकली होती. अकरा आठवली. त्यांतल्या चार गाण्यांची फक्त अर्धी ओळ. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण रोज पेपर वाचत असल्याचं नाटक करत होतो आणि नाटक करता करता खरंच पेपर वाचत होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली.

भिंतीपलीकडून चड्ढाजींनी काय ते ओळखलं. "टेन्शन मत लो. करोल बाग में अपना बंदा है. डिलीट की हुई चीज़ कब्र से निकाल देता है." मेट्रोनं दोघं गेले. गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत, एका जिन्याखाली तो बंदा बसला होता. त्यानं मोबाईल तारेला जोडला, दोन तास घेतले आणि अभिमानानं परत दिला. गाणी आली नव्हती. पण मागच्या चार वर्षांत श्यामकांतरावांनी निगुतीनं पुसून टाकलेली शुभ सकाळची तीन हजार चित्रं जशीच्या तशी परत आली होती. गुलाबांसकट.

"देखा?" चड्ढाजी म्हणाले. "बंदे में दम है!"

रोज संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा. "काय हो, सकाळी गाणी लावता ना?"

"अगं हो, हो. म्हणजे... लाडू फार छान झालेत."

"हं," उल्काताई म्हणायच्या. एवढंच. त्या 'हं'नं श्यामकांतरावांची दाढी करायची इच्छा गेली. शनिवारी ते आरशासमोर उभे राहिले तेव्हा त्यांची ती ठरलेली ओळही तोंडातून निघेना.

रविवारी उल्काताई आल्या. पाय धुतले, ओट्याशी गेल्या, आधण ठेवलं. श्यामकांतराव हातात अकरा गाण्यांचा कागद घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी स्पष्टीकरण तयार केलं होतं, तीन परिच्छेदांचं. ते पहिल्याच वाक्यात मोडलं.

"उल्का, अण्णांची गाणी गेली गं. माझ्या हातून गेली. सगळी." त्यांनी कागद पुढे केला. "मला ही अकराच आठवतात."

उल्काताईंनी कागद घेतला, वाचला. पाचव्या गाण्याशी थबकल्या. "हे तुम्हाला आठवलं?" मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "फाईल आणा."

"फाईल कशाला आता?"

"आणा तर."

त्यांनी आणली. उल्काताईंनी नाडी सोडली आणि पान उलटलं.

मागच्या कोऱ्या बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं. 'पाहिले. घाई नको. कृपया चर्चा करावी. माझी यादी तुमच्या खात्यात आहे, माझ्या नाही. तुमचा स्वभाव लक्षात घेऊन ती फोनवर सांगून रेवतीकडून तिच्या खात्यात उतरवून घेतली आहे. एक गाणे वाढवले आहे.' खाली सही आणि तारीख. सगळं हिरव्या शाईनं.

श्यामकांतरावांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि तो असा पडला की ते मटकन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. हसू की रडू कळेना, म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अगं, पण मग तोंडी का नाही सांगितलंस?"

"तोंडी सांगितलेलं तुम्ही कधी ग्राह्य धरलंत? लग्न झाल्यापासून 'लेखी दे' म्हणताय. दिलं लेखी. आणि कागद वाया घालवायचा नाही, म्हणून मागच्या बाजूला."

"पण ही शाई..."

"ड्रॉवरमध्ये पडून होतं पेन. वाळून चाललं होतं."

पुण्याला फोन लागला. रेवती म्हणाली, "बाबा, फाईल उलटून बघायला सहा दिवस? आई म्हणालीच होती आठवडा लागेल." मग तिनंच फोनवर एकेक बटण सांगत सेवा-अ मध्ये नवं खातं उघडून दिलं आणि यादी त्यात पाठवली. नवं खातं म्हणजे कोरं सेवापुस्तक. प्रतिकूल शेरा तर त्यात नव्हताच, पंजाबी लग्नही नव्हतं. ज्या अन्यायासाठी एवढं रामायण घडलं तो असा आपोआप पुसला गेला, हे श्यामकांतरावांच्या चहा संपेपर्यंत लक्षातही आलं नाही. आलं तेव्हा त्यांना फारसं काही वाटलं नाही. दारावर चड्ढाजींची हाक आली, "दिघेसाब, मिल गया क्या?" आणि त्यांनी आतूनच ओरडून सांगितलं, "मिल गया! स्पीकर कभी भी ले जाना!" मग जरा विचार करून, "पर पहले बता के!"

स्पीकर सुरू झाला. पहिलं गाणं, दुसरं. या वेळी पेपर घडी घातलेलाच राहिला. वाढवलेलं गाणं कोणतं, हे त्यांनी विचारलं नाही. उल्काताईंनीच यादी शेवटाला नेली. पहिले दोन सूर लागले आणि श्यामकांतरावांनी मान वर केली. ते त्यांचंच पद होतं, दाढी करताना ते ज्याची एक ओळ म्हणायचे ते. फक्त गाणारा सुरात होता.

"पूर्ण ऐका आता," उल्काताई म्हणाल्या. "पुढे अजून चार ओळी आहेत त्याला."

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग फाईल पुढे ओढली, खिशातलं पेन काढलं, आणि हिरव्या मजकुराच्या बरोबर खाली, निळ्या शाईनं लिहिलं, 'चर्चा झाली. वरीलप्रमाणे.' सही केली. आणि नाडी बांधण्याआधी पान उलटून एकदा मागची बाजू पाहिली.